न्रीची ‘मूळ घराणी’ कोणती? आधी कोणता मान विचारताय ते ठरवा

तुमचा प्रश्न मला असा समजला. नोकरीनिमित्त तुम्ही नायजेरियातल्या आनांब्रा राज्यात आहात. न्री गावच्या एका समारंभाची पुस्तिका हाती आली, तिच्यात एरी हा मूळपुरुष आणि त्याच्या वंशातली ‘संस्थापक घराणी’ छापली आहेत. न्रीचाच एक सहकारी मात्र म्हणतो, “आम्ही त्याही आधीपासूनचे, आम्ही कुठून आलोच नाही.” अगुलेरी गावचा दुसरा सहकारी म्हणतो, “एरीचा थोरला आमच्याकडे राहिला, न्रीवाले धाकटे.” यातलं खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

इग्बो, म्हणजे आग्नेय नायजेरियातला मोठा समाज; त्यांच्या गावांच्या बाबतीत हा गोंधळ नेहमीचा आहे, कारण ‘संस्थापक’ या एका शब्दात तीन वेगळे दावे कोंबलेले असतात. पहिला जमिनीचा: ही भूमी कोणाची, तिच्या देवीसमोर कोण उभा राहणार? दुसरा गादीचा: राजा किंवा मुख्य विधिकर्ता कोणाच्या घरातून येणार? तिसरा थोरपणाचा: भाऊ मानल्या जाणाऱ्या गावांत वडील कोण? तुमची पुस्तिका गादीबद्दल बोलते, न्रीचा सहकारी जमिनीबद्दल आणि अगुलेरीचा थोरपणाबद्दल. पहिल्या दोघांत तर भांडणच नाही. तिसरा वाद खरा आहे, आणि तो मिटलेला नाही.

आधी कथा, कारण सगळं तिच्यातच बांधलेलं आहे. चुक्वूने, म्हणजे परमेश्वराने, एरीला आणि त्याची बायको न्नामाकूला आभाळातून खाली पाठवलं. जमीन तेव्हा सगळी दलदल होती. एरी उतरला तो एका वारुळावर आणि तिथेच बसून राहिला. त्याने तक्रार केल्यावर चुक्वूने ऑका इथल्या लोहाराला भाता आणि कोळसा देऊन पाठवलं. त्याने भाता फुंकून जमीन वाळवली. एरी जिवंत होता तोवर अन्न आभाळातून येत होतं. तो गेला आणि अन्न बंद झालं. मग त्याच्या मुलाने, न्रीने, गाऱ्हाणं घातलं. उत्तर आलं की थोरला मुलगा आणि थोरली मुलगी बळी दे आणि पुर. तीन इग्बो आठवडे, म्हणजे बारा दिवस उलटल्यावर मुलाच्या थडग्यातून याम उगवला (आपल्या कोनफळाच्या जातीचा मोठा कंद) आणि मुलीच्या थडग्यातून अळकुड्या. पुढे एक गुलाम पुरुष पुरला त्यातून तेलताड आला.

ही कथा ऐकून ‘मिथक आहे, सोडून द्या’ म्हणणं ही पहिली चूक, आणि ‘अमुक साली असं घडलं’ म्हणून लिहून घेणं ही दुसरी. प्रत्येक वाक्य कुठल्या हक्कावर येऊन थांबतं ते पाहा. लोहाराने जमीन वाळवली, म्हणून ऑकाच्या लोहारांना मान. न्रीने पोटची मुलं देऊन याम मिळवला, म्हणून यामच्या पिकावरचे विधी न्रीकडे, आणि ज्यांनी तो कंद घेतला ते सगळे न्रीचे देणेकरी. आजही इगू आरो या वार्षिक सोहळ्यात एझे न्री, म्हणजे न्रीचा राजा, नव्या वर्षाची गणना जाहीर करतो आणि गावोगावच्या प्रतिनिधींना बियाण्याचे याम देतो. कथा त्या सोहळ्याची सनद आहे. पोळ्याला पहिली बैलजोडी कोणाची यावरून आपल्याकडे जशी गावची मांडणी कळते, तशी तिथे ती यामवरून कळते.

आता वंश. एरीचं ठिकाण अगुलेरी, ओमाम्बाला (आनांब्रा) नदीच्या खोऱ्यात. प्रचलित मांडणीत त्याच्या मुलांपैकी आगुलूचा वंश अगुलेरीत राहिला. न्री इफिकुआनिम दक्षिणेला गेला आणि त्याने आगुक्वू, म्हणजे आजच्या न्री गावाचा मुख्य भाग, वसवला. ओनुगूकडून इग्बारियाम आणि ओग्बोदुदूकडून अमानुके ही गावं निघाली असं सांगतात. मुलगी इगुएदो. ओग्बुनिके, ऑकुझू, उमुलेरी आणि नांदो या गावांचे मूळपुरुष तिची मुलं. नावं आणि क्रम सांगणाऱ्यानुसार थोडे बदलतात, पण सांगाडा हाच.

इथे इगुएदोवर थोडं थांबायला हवं, कारण पुस्तिकांमध्ये सगळ्यात जास्त हात तिच्यावर फिरवला जातो. इग्बो नातेव्यवस्थेत उमुन्ना, म्हणजे एका बापाची भाऊबंदकी, हा कणा आहे. मुलीचा मुलगा आपल्या आजोळी न्वादिआनी असतो: लाडका, मानाचा, भांडणात मध्यस्थी करू शकणारा, पण वारसदार नव्हे. त्यामुळे ज्या गावाची उत्पत्ती मुलीकडून सांगितली जाते ते गाव थोरपणाच्या रांगेत आपोआप खाली जातं. ते कोणालाच नको असतं. मग पुढच्या आवृत्तीत मुलीचा मुलगा होतो, नाहीतर ती ‘घरीच राहिलेली मुलगी’ ठरते. ही दुसरी सोय प्रथेला धरून आहे. मुलगा नसलेला बाप एका मुलीचं लग्न न करता तिला घरी ठेवायचा, आणि तिची मुलं बापाच्या नावाने वाढायची. न्नेवीच्या बाजूला या प्रथेला न्राची म्हणतात. वंशवृक्षात अशा ठिकाणी बाईचं नावच पुसलं जातं आणि दोन पिढ्यांची एक होते. तेव्हा कुठे वंशावळ पुरुषांच्या नावांनी फारच गुळगुळीत वाटली, तर म्हाताऱ्या बायकांना विचारा. उमुआदा, म्हणजे त्या घराण्यात जन्मून बाहेर लग्न करून गेलेल्या मुली, माहेरच्या मयताला एकत्र येतात आणि त्यांना कोण कोणाच्या पोटचा हे पक्कं ठाऊक असतं.

उमुलेरीचं उदाहरण तर डोळ्यांसमोरचं आहे. उमुलेरी आणि अगुलेरी यांच्यात ओतुओचाच्या जमिनीवरून पिढ्यानपिढ्या कज्जे चालले, आणि १९९५ व १९९९ मध्ये ते उघड युद्धापर्यंत गेले. घरं जळली, माणसं मेली. ‘आगुलूचे वंशज’ की ‘इगुएदोचे वंशज’ हाही त्या भांडणातला एक मुद्दा होता. पुढे उमुलेरीने आपलं नाव उमुएरी असं लावलं. ‘उमू’ म्हणजे लेकरं. त्यामुळे नव्या नावात गाव थेट एरीची लेकरं ठरतं. म्हणून एरीच्या वंशातल्या गावांबद्दल जे काही लिहाल ते जपून लिहा. तिथे या गोष्टी नुसता इतिहासाचा छंद म्हणून कोणी वाचत नाही.

आता तुमच्या न्रीच्या सहकाऱ्याकडे येतो. न्री गावाचे ढोबळमानाने तीन भाग: आगुक्वू, दिओदो आणि अकाम्पिसी. एरीचा वंश सांगतात ते आगुक्वूवाले. अकाम्पिसीत उमुदिआना आहेत, आणि त्यांच्या परंपरेत स्थलांतराची कथाच नाही. ते त्याच मातीतले. याच बाजूला अदामा हे विधिकर्ते आहेत. न्री इफिकुआनिम आला तेव्हा हे लोक तिथे होते. दोघांत जो करार झाला असं सांगतात त्यात भूमीचं बळ अदामांकडे राहिलं आणि गादी नवागतांकडे गेली.

हा करार अजून जिवंत दिसतो तो राज्याभिषेकात. एझे न्री हा बापाकडून मुलाकडे आपोआप जाणारा राजा नाही. आधीचा राजा गेल्यावर परंपरेने सात वर्षं गादी मोकळी राहते आणि मग आगुक्वूच्या घराण्यांतल्या एखाद्यात दैवी खुणा दिसाव्या लागतात. निवडलेला माणूस अगुलेरीला एरीच्या स्थानी जातो. तिथे पाणबुड्या नदीच्या तळाची माती काढून आणतो आणि तिच्यापासून राजाची विधीची मडकी घडवतात. परत आल्यावर त्याला प्रतीकरूपाने पुरतात, मग बाहेर काढून न्झू, म्हणजे पांढरी माती, फासतात. माणूस मेला आणि देवत्व घेऊन उठला असा त्याचा अर्थ. मुकुट चढवायचा तो अदामांनी. अदामा राजा होऊ शकत नाहीत, पण त्यांच्याशिवाय राजा होत नाही.

म्हणजे एकाच सोहळ्यात तिन्ही दावे आपापल्या जागी बसलेले आहेत: माती अगुलेरीची, माणूस आगुक्वूचा, हात अदामांचा. कुठल्याही इग्बो गावाची संस्थापक घराणी शोधायची असतील तर मी सगळ्यात आधी असा सोहळा शोधायला सांगतो. माणसं कथा बदलतात. विधीत मात्र समोर दुसरं घराणं उभं असतं आणि ते चुकीचं पाऊल पडू देत नाही.

गावात प्रत्यक्ष विचारायची पद्धत अशी. ‘तुमचा मूळपुरुष कोण’ हा प्रश्न शेवटी ठेवा, कारण त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. आधी विचारा, “तुम्ही आलात तेव्हा इथे कोण होतं?” मग तोच प्रश्न गावच्या प्रत्येक भागात, वेगवेगळ्या बैठकीत, दुसऱ्या भागातलं कोणी हजर नसताना विचारा. तीन भागांची उत्तरं शेजारी मांडली की एक नाव असं निघतं ज्याला बाकीचे ‘आधीचे’ म्हणतात, पण ते स्वतः कोणालाच आधीचं म्हणत नाहीत. जमिनीचा दावा बहुतेक तिथे असतो.

त्यानंतर ‘आला’बद्दल विचारा. ‘आला’ म्हणजे भूमिदेवी (आनांब्राच्या बाजूला आनी म्हणतात). तिच्या स्थानाचा पुजारी कोणाच्या घरातला? खून, आत्महत्या, यामची चोरी अशा भूमीला विटाळणाऱ्या गुन्ह्यांवर शुद्धी कोण करतं? ओफो कोणाकडे आहे? ओफो ही एका विशिष्ट झाडाची फांदी, अधिकाराची खूण. घराण्यातल्या थोरल्याकडे असते आणि ती हातात घेऊन बोललेला शब्द मागे घेता येत नाही. ओफो एका शाखेकडे आणि पैसा-पद दुसऱ्या शाखेकडे असेल, तर थोरपण कुठे होतं आणि ताकद नंतर कुठे गेली हे तिथेच दिसतं.

कोलाकडे बारकाईने बघा. बैठक सुरू होताना ओजी, म्हणजे कोलाचं बी, थाळीत येतं आणि फोडण्याआधी ती थाळी माणसांसमोरून फिरते. कोणासमोर आधी, कोणाकडून कोणाकडे, आशीर्वाद कोण देतो, हा क्रम नात्यातल्या थोरपणाने ठरतो, आणि चुकला तर तिथल्या तिथे कोणीतरी हटकतं. ते हटकणं लिहून ठेवा. घडवून आणलेल्या मुलाखतीपेक्षा त्या एका वाक्यातून जास्त हाती लागतं.

मग लग्नं. ज्या दोन भागांत आपसात लग्न होत नाही ते स्वतःला एका रक्ताचे मानतात, मग पुस्तिका काहीही म्हणो. आणि एकाच पुरुषाचे वंशज म्हणवणारे दोन भाग राजरोस सोयरीक करत असतील, तर त्यातला एक बहुधा बाहेरून येऊन सामावला गेला आहे. हे बाहेरचे कोण असतात? आजोळी येऊन राहिलेले न्वादिआनी, आश्रयाला आलेली कुटुंबं, बोलावून आणलेले वैद्य किंवा लोहार, आणि गुलाम. दोन-तीन पिढ्यांनी ते ‘उमू अमुक’ होतात आणि मूळपुरुषाला एक मुलगा वाढतो.

या शेवटच्या मुद्द्यावर एक कडक सूचना. ओसू, म्हणजे देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज, आणि गुलामांचे वंशज यांच्याबद्दलचा भेद अजून लग्नाच्या वेळी डोकं वर काढतो. पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ साली कायदा करून ओसू प्रथा रद्द केली, तरीही. ‘हे घराणं मूळचं की नंतरचं’ हा प्रश्न चारचौघांत विचारलात तर तुम्हाला कळणारही नाही आणि कोणाच्या तरी मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडेल. असं काही कानावर आलं तर लिहून कुठेही टाकू नका, निनावी सुद्धा नको. गावात एका खुणेवरून घर ओळखतात.

वंशवृक्ष काढताना फाटे कुठे फुटतात ते बघा. एका पुरुषाच्या अनेक बायका, प्रत्येकीची वेगळी झोपडी, आणि एका आईच्या मुलांचा वेगळा गट. उमुन्ना एका बापाची, तर उमुन्ने एका आईची. गावचा एखादा भाग फुटून वेगळा होतो तेव्हा चीर बहुतेक आयांच्या रेषेवरून जाते. म्हणून ‘चार मुलगे, चार वाड्या’ अशी सुबक मांडणी दिसली की त्यांच्या आया विचारा. आयांची नावं सांगता आली तर मांडणीला आधार आहे. चारही नावं वाड्यांच्या नावांवरून बेतलेली वाटली आणि आया कोणालाच ठाऊक नसल्या, तर वाड्या आधी होत्या आणि मुलगे नंतर जन्माला घातले गेले, असं समजायला हरकत नाही. ‘उमू’ने सुरू होणारी नावं माणसाकडे बोट दाखवतात, ‘अमा’ने सुरू होणारी बरीचशी जागेवरून पडलेली असतात, त्यांच्यामागे माणूस शोधायची घाई करू नका.

आता सनावळ्या, कारण तुमच्या पुस्तिकेत त्या नक्की असणार. न्रीच्या राजांची छापील यादी इफिकुआनिमपासून, इ.स. १०४३ पासून सुरू होते. त्यात बुइफे ११५९ ते १२५९, पहिला जिओफो १३०० ते १३९०, आगू १५८३ ते १६७६ अशा कारकिर्दी आहेत. यादीत १९३६ पर्यंत चौदा कारकिर्दी बसतात. ८९३ वर्षांना चौदाने भागलं तर दर कारकिर्दीला सुमारे ६४ वर्षं येतात. मोकळ्या गादीची सात वर्षं त्यातून वजा केली तरी ५७. प्रौढ वयात निवडल्या जाणाऱ्या राजांची ही सरासरी नऊशे वर्षं टिकणं शक्य नाही. याचा अर्थ यादी खोटी असा घेऊ नका. मधली नावं गळली आहेत, आणि उरलेल्यांवर काळ ताणून बसवला आहे. मौखिक परंपरेत असंच होतं: सुरुवातीची दोन-तीन नावं आणि शेवटच्या चार-पाच पिढ्या ठळक राहतात, मधलं आकसतं. ओबालिके या राजापासून पुढे मात्र पाय जमिनीला लागतात. नॉर्थकोट थॉमस हा सरकारी मानववंशशास्त्रज्ञ १९१०-११ च्या सुमारास या भागात काम करत होता. त्याचे फोटो आणि मेणाच्या नळ्यांवरची ध्वनिमुद्रणं अजून आहेत. १९११ साली इंग्रजांनी ओबालिकेला न्रीबाहेर, ऑकाच्या कोर्टात यायला लावलं आणि गावोगावच्या निषिद्धांची बंधनं रद्द करायला भाग पाडलं.

‘पण इग्बो-उक्वूचं उत्खनन तर नवव्या-दहाव्या शतकाचं आहे ना?’ असं तुम्ही विचाराल. आहे. इग्बो-उक्वू न्रीच्या दक्षिणेला जवळच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अंगणात पाण्याची टाकी खणताना कांस्याच्या वस्तू निघाल्या, आणि थर्स्टन शॉ यांनी १९५९-६० आणि १९६४ मध्ये तिथे शास्त्रशुद्ध खणलं. दीड लाखांहून जास्त मणी, बारीक नक्षीची कांस्यपात्रं आणि एक लाकडी दफनकक्ष मिळाला. त्यात मानाचा माणूस बसलेल्या स्थितीत, मुकुट आणि मण्यांसकट, शेजारी हस्तिदंत. काही कांस्यमुखांवर कपाळभर रेघा आहेत, न्रीशी जोडलेल्या इची या कातडी चिरून उमटवलेल्या खुणांसारख्या. म्हणजे या परिसरात हजार-अकराशे वर्षांपूर्वी विधीसत्ता असलेला समाज होता आणि त्याची खूण न्रीच्या परंपरेशी जुळते, इतकं ठामपणे म्हणता येतं. त्या कक्षातला माणूस अमुक राजा, किंवा आजच्या अमुक घराण्याचा पूर्वज, हे म्हणता येत नाही. खुद्द इग्बो-उक्वूची परंपराच सांगते की त्या जागी आधी ओरेरीचे लोक होते, आणि ओरेरी न्रीच्या गोतावळ्यातलं. आज जमीन ज्याची, त्याचेच पूर्वज तिच्याखाली, असा हिशेब लागत नाही. शिवाय राजयादीची सनावळी उत्खननावर टेकवायची आणि उत्खननाचा अर्थ राजयादीवरून लावायचा, असं दोन्हीकडून केलं की काहीच सिद्ध होत नाही. या बाबतीत चांगले अभ्यासकही घसरतात.

कागद वापरणार असाल तर तो कोणत्या वर्षी आणि कशासाठी लिहिला ते आधी बघा. १९२९ च्या स्त्रियांच्या उठावानंतर इंग्रज सरकारला कळलं की आपण नेमलेल्या ‘वॉरंट चीफ’ना गावात मुळंच नाहीत. मग १९३० च्या दशकात जिल्हाधिकाऱ्यांनी गावोगावचे अहवाल लिहिले, आणि प्रत्येकाची सुरुवात उत्पत्तिकथा व वंशावळीने. सोन्यासारखं साधन आहे हे. एनुगूच्या अभिलेखागारात बरेच अहवाल मिळतात. पण सांगणाऱ्यांना तेव्हा माहीत होतं की ज्याचा वंश थोरला ठरेल त्याला कोर्टात जागा मिळेल. इंग्रज अधिकारी आणि मानववंशशास्त्रज्ञ जेफ्रीज यांनी त्याच काळात न्रीवर सविस्तर काम केलं. नायजेरियन मानववंशशास्त्रज्ञ ओन्वुएजेओग्वू यांनी १९७० च्या दशकात स्वतः गावात राहून. दोघांत जिथे फरक दिसेल तिथे थांबा: फरक सांगणाऱ्याचा आहे की काळाचा? तिसरा थर १९७० च्या दशकानंतरचा. सरकारी मान्यतेसाठी गावोगाव पारंपरिक राजा दाखवणं आलं. जिथे कधी राजा नव्हता, फक्त थोरल्यांची सभा होती, अशा गावांनाही मग मूळपुरुष ‘राजा’ करून घ्यावा लागला. ही अडचण न्रीत कमी येते, कारण तिथे राजा होताच. आजूबाजूच्या गावांत मात्र जागोजागी येते.

चौथा थर कोर्टाचा. जमिनीच्या दाव्यात पारंपरिक इतिहास हा पुरावा धरला जातो. त्यासाठी पक्षकाराला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: जमीन कोणी वसवली, कशी वसवली, आणि त्याच्यापासून आजपर्यंत ती कोणाकोणाकडे आली. मधल्या नावांत खंड पडला तर दावा पडतो. त्यामुळे वकिलाच्या हाताखालून गेलेल्या वंशावळीत खंड कधीच नसतो, आणि नेमकी तीच पुस्तिकेत जाते. दोन इतिहास परस्परविरोधी असतील तर काय करायचं, याचा नियम १९५७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं वसाहतींचं शेवटचं अपील न्यायालय) तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, एका खटल्यात घालून दिला, आणि नायजेरियाची न्यायालयंही तो वापरतात: साक्षीदार किती ठामपणे बोलतो ते बाजूला ठेवा आणि अलीकडच्या काळात त्या जमिनीवर कोणी काय केलं त्यावरून कुठला इतिहास संभवतो ते बघा. इतिहासाच्या कामालाही याहून चांगला नियम माझ्या पाहण्यात नाही. शेत कोणी कसलं, तेलताडाचे घड कोणी काढले, मयतं कुठे पुरली, वाटेकऱ्याकडून याम कोणी घेतला, हे विचारा.

एरी म्हणजे बायबलमधल्या गादचा मुलगा, आणि न्री हे इस्रायलच्या हरवलेल्या वंशांपैकी, असंही पुस्तिकेत असेल तर दचकू नका. अगुलेरीतल्या स्थानाला ‘ओबू गाद’ म्हणतात आणि बरेच जण ते मनापासून मानतात. नावांचं साम्य आहे, सुंता आठव्या दिवशी होते, आणि ज्यूंशी साम्य दाखवायला तर गुलामगिरीतून सुटून आत्मकथा लिहिणाऱ्या ओलौदाह इक्वियानोने १७८९ मध्येच सुरुवात केली होती. पण चुक्वू, वारूळ, भाता आणि याम यांच्या कथेत गादला जागा नाही. तो बायबल वाचल्यानंतर आला. आजची श्रद्धा म्हणून नोंदवा, उत्पत्तीचा पुरावा म्हणून नको.

हे सगळं परिस्थितीनुसार बदलतं, हेही सांगतो. नायजर नदीकाठी ओनित्शात कथा बेनिनकडून येते (आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य, बेनिन देश नव्हे): एझे चिमा या पुढाऱ्याचा गट पश्चिमेकडून निघाला, वाटेत गावं वसवत आला, नदी ओलांडली आणि पलीकडे आधीच्या ओझे लोकांना हटवलं. तिथे जुने रहिवासी करारात सामावले नाहीत, बाजूला सारले गेले. त्यामुळे राज्याभिषेकात ‘आधीचे’ शोधायचा न्रीचा मार्ग तिथे तेवढा चालत नाही. अरोचुक्वूत तर इग्बो, इबिबिओ आणि अक्पा अशा तीन वेगळ्या लोकांतून गाव उभं राहिलं, आणि एकच मूळपुरुष मागणं हाच चुकीचा प्रश्न.

तुमच्या पुस्तिकेपुरतं करायचं ते असं. यादीतल्या प्रत्येक घराण्यासमोर तीन रकाने आखा: भूमीचा विधी, गादी, थोरपण. ज्या रकान्यात तुम्ही स्वतः पाहिलेला विधी, लग्नाचा निषेध किंवा कोलाचा क्रम लिहिता येईल तिथे शाईने लिहा. ‘असं सांगतात’ एवढंच असेल तिथे पेन्सिलीने, आणि कोणी, कोणत्या भागातल्या माणसाने सांगितलं ते शेजारी. अगुलेरी थोरली की न्री, हा रकाना पेन्सिलीतच राहू द्या. दोन्ही बाजूंची उत्तरं लिहा आणि निकाल देऊ नका. आणि तुमच्या न्रीच्या सहकाऱ्याला पुढच्या वेळी एवढंच विचारा की एझे न्रीच्या डोक्यावर मुकुट ठेवताना त्याच्या घराण्यातलं कोण, कुठे उभं असतं.